'सांगाडा' लिहिताय? आधी या चुका टाळा

वीसेक वर्षं मराठवाड्यातल्या डेस्कवर बातम्या तपासतोय. उन्हाळा लागला, विहिरींचा गाळ निघायला लागला की एक शब्द हमखास चुकीच्या जागी येऊन बसतो: सांगाडा.

चार हाडं म्हणजे सांगाडा नव्हे

२०१६चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तो. एका गावात कोरड्या विहिरीचा गाळ काढताना हाडं निघाली. दोन लांब हाडं, काही बरगड्या, मूठभर मणके. कवटी नाही. आमच्या नव्या वार्ताहरानं रात्री साडेदहाला बातमी टाकली, 'विहिरीत मानवी सांगाडा'. पान सोडायची घाई होती. मीही मथळा तसाच जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं एक म्हातारा कचेरीत आला. हातात आमचाच पेपर, त्या बातमीवर घडी केलेला. त्याची लेक दोन वर्षांपासून बेपत्ता होती. "साहेब, आमच्या लेकीचं हाय का हो ते?" एवढंच विचारलं आणि दाराशीच खाली बसला. दुपारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, हाडं वासराची आहेत. म्हाताऱ्याला ते सांगायला मी स्वतः गेलो. त्यानं पेपराची घडी उलगडली नाही, तशीच खिशात घातली.

तेव्हापासून कॉपीत, म्हणजे वार्ताहरानं पाठवलेल्या मजकुरात, 'सांगाडा' दिसला की मी वार्ताहराला फोन करतो, मध्यरात्र असली तरी. कवटी आहे का? हाडं अंगाच्या मांडणीत पडली होती की विखुरलेली? माणसाचीच, हे कुणी सांगितलं, डॉक्टरांनी की गाळ काढणाऱ्यांनी? उत्तर येईपर्यंत बातमीत 'हाडं' किंवा 'हाडांचे अवशेष' एवढंच जातं. पोरं कुरकुरतात, दुसऱ्या पेपरात आधी येईल म्हणतात. येऊ दे.

सांगाडा म्हणजे आकार धरून ठेवणारी रचना. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपाची आठवण निघाली की लोक सांगतात, माळवदाच्या घरांच्या दगडी भिंती ढासळल्या, पण काही ठिकाणी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. तिथं हा शब्द अगदी नेमका बसतो. ढिगाऱ्यात पडलेल्या सुट्या तुळईला कुणी सांगाडा म्हणत नाही.

'अस्थी' हा सभ्य पर्याय नाही

'हाडं' शब्द ओबडधोबड वाटतो म्हणून काही जण 'विहिरीत अस्थी सापडल्या' असं लिहितात. आपल्याकडं अस्थी म्हटलं की सावडणं आठवतं, गोदावरी आठवते. वाचणाऱ्याला वाटतं, कुणी विसर्जनाचं गाठोडं विहिरीत टाकलं. हाडांना हाडंच म्हणा. आणि शब्द वापरायचाच असेल तर एकटा असताना 'अस्थी', समासात आधी आला की ऱ्हस्व: अस्थिपंजर, अस्थिविसर्जन.

'सापळा' मथळ्यात नको. 'तहसीलजवळ सापळा' वाचलं की लोकांना लाच घेणारा आठवतो. मजकुरात 'हाडांचा सापळा' चालतो. दुष्काळात छावणीतली गाय पाहून माणूस तेच म्हणतो.

मुळावरून अर्थ काढू नका

इंग्रजी 'स्केलेटन'चं मूळ ग्रीक 'स्केलेटोस', म्हणजे वाळलेला, सुकलेला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजीत आला. आपणही खंगलेल्या माणसाला 'वाळून सापळा झालाय' म्हणतो. इतक्या दूरच्या दोन भाषांना तीच गोष्ट दिसावी, याचं मला अजून नवल वाटतं. पण यावरून 'सांगाडा म्हणजे शरीराचा कोरडा, मेलेला भाग' असं आरोग्याच्या पानावर छापणं साफ चूक. जिवंत माणसाचं हाड ओलं आणि जिवंत असतं. मोडलं तर सांधतं, त्यातल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात.

'माणसाच्या शरीरात २०६ हाडं' या वाक्यात 'प्रौढ' शब्द घाला. तान्ह्या लेकराची हाडं त्याहून बरीच जास्त असतात, वाढीत ती एकमेकांना जुळत जातात. चरकसंहितेत ३६० आणि सुश्रुतसंहितेत ३०० सांगितली आहेत, म्हणून त्यांची गणना चुकली असंही लिहू नका. मोजायची पद्धत वेगळी होती. चरकाच्या मोजणीत दात आणि नखंही येतात.

मोबाइलचं भाषांतर

'मंत्र्यांच्या कपाटातला सांगाडा बाहेर' अशी ओळ गेल्या वर्षी माझ्यासमोर आली. लिहिणाऱ्या मुलीला विचारलं, म्हणजे काय गं? तिला सांगता येईना. इंग्रजी 'स्केलेटन इन द कबर्ड'चं, म्हणजे लपवून ठेवलेल्या भानगडीचं, मोबाइलनं केलेलं शब्दशः भाषांतर होतं ते. आपल्याकडं 'अंडीपिल्ली बाहेर काढणं' असताना हे कपाट कशाला? माझी सवय साधी आहे. इंग्रजी वाक्य वाचायचं, कागद उलटा ठेवायचा आणि आईला फोनवर सांगितलं असतं तसं लिहायचं. 'स्केलेटन स्टाफ' म्हणजे मोजके कर्मचारी. 'स्केलेटन की' म्हणजे दाते घासून नेमका कामाचा भाग ठेवलेली, अनेक कुलपांना लागणारी किल्ली. हिवाळी ऑलिम्पिकच्या बातमीत मात्र 'स्केलेटन' तसाच राहू द्या. तो बर्फाच्या घसरणीवर पालथं झोपून, डोकं पुढं ठेवून खेळायचा प्रकार आहे. २००२पासून प्रत्येक हिवाळी ऑलिम्पिकमध्ये असतो. त्याचं 'सांगाडा स्पर्धा' करून पाठवलेली कॉपी मी दोनदा परत केली आहे.