जुन्या पद्मिनीचं इग्निशन सुधारायचंय? मग कॉइल सगळ्यात शेवटी घ्या

आधी माझा गाढवपणा सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आण्णांची प्रीमियर पद्मिनी घाटात ओढत नव्हती, समर्थ मंदिराकडनं यवतेश्वरचा चढ लागला की तिसऱ्या गियरला नुसती गचके द्यायची, मग मी ऑनलाइन एक हाय पॉवर कॉइल (बॅटरीचा व्होल्टेज वाढवते ती) मागवली, बसवली, आठवडाभर गाडी खरंच बरी पळाली आणि पंधरा दिवसांनी कासच्या अलीकडं धुक्यात जी बंद पडली ती टोचन लावूनच साताऱ्यात आणली. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीनं करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढली, आत सीबी पॉईंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) जळून निळे पडलेले. "कॉइल घाल म्हणून कुणी सांगितलं तुला? आधी प्लग काढून बघितलेस का?" नव्हते बघितले.

स्पार्क कितीही जोरदार केला तरी १०८९ सीसीचं इंजिन १३०० चं होत नाही. बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट करून ते ठिणगी पाडणाऱ्या प्लगपर्यंत पोचवायचे एवढंच इग्निशनचं काम, आणि जुन्या गाडीत ते वाटेतच कुठंतरी गळत असतात. ती गळती थांबवली की गेलेला पिकप परत येतो. म्हणून सुरुवात प्लगकडनं करायची.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. प्लगच्या खाचेत धूळ आणि खडी बसलेली असते, सायकलच्या पंपानं हवा मारा नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग वायर एकावेळी एकच काढा आणि वरच्या रबराला धरून काढा, वायर ओढू नका. चारी एकदम काढल्या की फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ कुणाला आठवत नाही, मोबाईलवर एक फोटो मारून ठेवलेला बरा. प्लगचं टोक फिकट विटकरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आधी कार्बोरेटर बघा. तेलकट काळं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथं इग्निशनवर एक रुपया घालू नका. पांढरं फटक आणि फोड आल्यासारखं दिसलं तर प्लग फार तापतोय.

दुकानात आजही लोक "मायकोचा प्लग द्या" म्हणतात, कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी. कंपनी बदलताना एक गोष्ट बघा, एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता पटकन सोडणारा) आणि बॉशमध्ये बरोबर उलटं, मोठा आकडा म्हणजे गरम. त्यामुळं आकड्याला आकडा जुळवून घेऊ नका, मॅन्युअलला जो नंबर असेल त्याचाच जोड मागा. इरिडियमच्या टोकाचा प्लग घेतला तर त्याच्या गॅपला (ठिणगी उडते त्या फटीला) हात लावू नका, टोक बारीक असतं, मोडतं. नवीन प्लग आधी हातानं आटे धरून शेवटपर्यंत फिरवा, मग पान्यानं साधारण अर्धा फेरा, बास. आटे गेले की हेडचं काम निघतं.

आता वायरी. याची परीक्षा आपल्या पावसात आपोआप होते, जुलैत सकाळी गाडी मिसिंग मारते आणि दुपारी ऊन पडलं की गुमान चालते असं असेल तर वायर नाहीतर कॅप गेलीच समजा. घरी बघायचं तर रात्री उघड्यावर अंधारात गाडी चालू करून बॉनेट उघडा आणि वायरींवर फवाऱ्यानं हलकं पाणी मारा, हात लांब ठेवा, फॅनपासनंसुद्धा. माझ्या गाडीत तीन नंबरच्या वायरीवरनं निळी ठिणगी टिकटिक करत इंजिनावर उडत होती, म्हणजे तीन सिलिंडरवर घाट चढत होतो मी इतके दिवस! वायरी सेटनंच बदला, आणि त्यावेळी कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ, मधलं कार्बनचं बटण आणि कॅपखाली फिरणाऱ्या रोटरचं टोक बघून घ्या. माझं निम्म्याहून जास्त काम इथंच झालं.

याच्यापुढं खरा अपग्रेड, पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक किट. पॉईंट झिजतात, गॅप हलते आणि गॅपबरोबर टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, हलतं, किटमध्ये घासणारं काही नसतंच. आपल्या डिस्ट्रिब्युटरचंच किट मागा. जुने पॉईंट आणि कंडेन्सर काढून तिथं ते बसतं, सहसा दोन वायरी येतात, एक कॉइलच्या प्लसला आणि एक मायनसला, उलट्या जोडल्या तर किट तिथल्या तिथं मेलं. किटसोबत प्लग वायरी रेझिस्टन्सवाल्याच पाहिजेत, साध्या तांब्याच्या वायरीनं किटला त्रास होतो. आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून गाणी ऐकत बसू नका, कॉइल आणि किट तापतं.

मगच कॉइल. मल्टीमीटर ओहमवर (विजेला होणारा अडथळा मोजायला) ठेवून त्याची दोन टोकं एकमेकांना लावून जो आकडा येतो तो लक्षात ठेवा, मग कॉइलच्या प्लस-मायनसला लावून येणाऱ्यातनं तो वजा करा. जुनी कॉइल साधारण ३ ओहम दाखवते, १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर. मी आणलेली दीडची होती, म्हणजे ८ अँपिअर सरळ पॉईंटमधनं, जळणार नाहीतर काय होणार! किटच्या कागदावर कमीत कमी किती ओहम चालतं ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही. चांगली कॉइल बसली की साध्या प्लगची गॅप फिलर गेजनं ०.१ मिमी वाढवून बघा, जास्त नको.

शेवटी टायमिंग. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) एक नंबरच्या वायरीला लावा, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद करा, डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करून मॅन्युअलमधल्या खुणेवर आणा. रोटर फिरतो त्याच्या उलट बाजूला फिरवलं की टायमिंग पुढं जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. मग यवतेश्वरला जा, तिसऱ्या गियरला चढावर पाय दाबा, खडखड नॉकिंग आलं तर केसभर मागं घ्या. लोभानं पुढं ठेवू नका, पिस्टनला भोक पडतं.

काढलेले पॉईंट फेकू नका, थोडे चांगले असतील तर कंडेन्सर, जुनी कॉइल आणि एक स्क्रू ड्रायव्हर असं सगळं फडक्यात गुंडाळून डिकीत टाका. किट कधी जाईल सांगून जात नाही आणि कासच्या वाटेवर टोचनवाला कुठनं शोधणार.