कसँड्रातली रीड रेंगाळते तेव्हा: आधी टेबल, मग सेटिंग

कसँड्रा या डेटाबेसचा क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांचा गट) मंदावला की हात आधी हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवायला किंवा नवे नोड, म्हणजे सर्व्हर, जोडायला जातो. पण बहुतेक वेळा दुखणं टेबलाच्या रचनेत असतं आणि तिथे नव्या नोडचा काही उपयोग होत नाही. एक पार्टिशन (एकच पार्टिशन की असलेल्या रोंचा गट) किती नोडांवर राहणार हे रेप्लिकेशन फॅक्टर ठरवतो. तो ३ असेल, तर क्लस्टर सहाचा असो की साठचा, फुगलेल्या पार्टिशनचा भार त्याच तिघांवर पडतो.

सुरुवात मोजण्यापासून करा. नोडटूल या कसँड्राच्या कमांड-लाइन साधनातलं ‘नोडटूल प्रॉक्सीहिस्टोग्राम्स’ को-ऑर्डिनेटरला (विनंती घेऊन ती पुरी करणाऱ्या नोडला) पूर्ण विनंतीसाठी लागलेला वेळ दाखवतं. ‘नोडटूल टेबलहिस्टोग्राम्स’ त्या एका नोडने स्वतःकडचा डेटा वाचायला घेतलेला वेळ. हा दुसरा हुकूम त्यामुळे प्रत्येक रेप्लिकावर (पार्टिशनची प्रत असलेल्या नोडवर) वेगळा चालवावा लागतो. आकडे मायक्रोसेकंदात असतात. सरासरीवर विसंबू नका, ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत होतात तो आकडा) बघा. को-ऑर्डिनेटरचा आकडा मोठा आणि रेप्लिकांचे लहान असतील, तर टेबल सोडा. नेटवर्क आणि जीसीचे (जावाच्या मेमरी-सफाईचे) थांबे तपासा, आणि ‘नोडटूल टीपीस्टॅट्स’मध्ये रीडची रांग साचली आहे का ते पाहा. रेप्लिकाचाच आकडा मोठा असेल, तर त्याच तक्त्यातले एसएसटेबलची (डिस्कवरच्या डेटा-फायलींची) संख्या आणि पार्टिशनचा आकार हे दोन रकाने वाचा.

पार्टिशन १०० एमबीच्या आत ठेवावं. समजा, सेन्सरच्या नोंदींच्या टेबलात पार्टिशन की म्हणजे नुसता सेन्सर आयडी आहे. सेकंदाला एक नोंद म्हणजे दिवसाला ८६,४०० रो. रो साधारण १०० बाइटची धरली तर दिवसाला ८.६ एमबी. बाराव्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते आणि वर्षात पार्टिशन ३ जीबीच्या वर जातं. टेस्टिंगमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण तिथे डेटा दोन-चार दिवसांचाच असतो. पार्टिशन की सेन्सर आयडी अधिक तारीख अशी जोडून करा. शेवटच्या तासाची क्वेरी मग एकाच पार्टिशनवर जाते, मध्यरात्रीच्या आसपास दोनवर. तासाचा बकेट (दर तासाला वेगळं पार्टिशन) मात्र करू नका. आठवड्याच्या आलेखासाठी १६८ क्वेऱ्या टाकाव्या लागतील. आहे त्या टेबलाची प्रायमरी की बदलता येत नाही. नवं टेबल बनवा, अॅप्लिकेशनमधून काही काळ दोन्हीकडे लिहा, जुना डेटा मूळ टाइमस्टँप राखून मागून भरा आणि मगच रीड वळवा.

दुसरा संशयित टूम्बस्टोन, म्हणजे डेटा पुसल्याची खूण. सीक्यूएलएसएचमध्ये (कसँड्राच्या क्वेरी-शेलमध्ये) ट्रेसिंग चालू करून संथ क्वेरी चालवा. किती जिवंत रो आणि किती टूम्बस्टोन वाचले ते ट्रेसमध्ये दिसतं. मूळ सेटिंगनुसार एका क्वेरीत १,००० च्या पुढे लॉगमध्ये इशारा येतो आणि १,००,००० च्या पुढे क्वेरी फेल होते. ती मर्यादा वाढवून प्रश्न सुटत नाही, उगम शोधा. डिलीट कुठेच नसताना टूम्बस्टोन दिसले, तर इन्सर्टमध्ये नल जातंय का बघा: प्रीपेअर्ड स्टेटमेंटमध्ये रिकामा कॉलम नल बांधला की टूम्बस्टोन लिहिला जातो, अनसेट सोडला तर नाही. रांगेसारखं वापरलेलं टेबल असेल, तर क्वेरीत शेवटच्या प्रक्रिया झालेल्या वेळेची खालची मर्यादा घाला, म्हणजे आधीचे टूम्बस्टोन वाचावे लागत नाहीत. जीसी ग्रेस (टूम्बस्टोन काढून टाकण्याआधी तो राखायची मुदत) मुळात ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. तो कमी करायचा असेल तर रिपेअर (रेप्लिकांमधला डेटा जुळवण्याचं काम) त्याहून कमी अंतराने पूर्ण होतंच, याची आधी खात्री करा. नाहीतर डिलीटच्या वेळी बंद असलेल्या रेप्लिकावरून पुसलेला डेटा परत जिवंत होतो.

एका रीडला दहा-दहा एसएसटेबल लागत असतील तर कॉम्पॅक्शनकडे (एसएसटेबल एकत्र करण्याच्या कामाकडे) वळा. मूळची साइझ-टिअर्ड पद्धत लिहिण्याला सोयीची आहे, पण एकच पार्टिशन अनेक फायलींत विखुरतं आणि मोठ्या कॉम्पॅक्शनसाठी डिस्क निम्मी मोकळी लागू शकते. रीड जास्त आणि अपडेट वारंवार असतील तर लेव्हल्ड घ्या. तिचं जादा लिहिणं झेलायला एसएसडी हवीच. टीटीएल (आपोआप संपण्याची मुदत) असलेल्या कालक्रमी डेटाला टाइम-विंडो योग्य: ३० दिवसांच्या टीटीएलला एका दिवसाची खिडकी, म्हणजे सगळा डेटा संपलेली फाइल थेट उडवली जाते. त्या टेबलात वेगवेगळे टीटीएल किंवा हाताने डिलीट मिसळलं की फायली अडकून राहतात. पद्धत बदलली की सगळे नोड एकदम कामाला लागतात, म्हणून कमी वर्दळीची वेळ निवडा. ‘नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स’मधली बाकी कामं उतरेपर्यंत नवे आकडे जुन्यांशी ताडून पाहू नका.

एवढं जागेवर आल्यावर ड्रायव्हरमध्ये टोकन-अवेअर धोरण (विनंती थेट रेप्लिकाकडे पाठवणारं) लावा आणि अनेक पार्टिशनांचा एक बॅच करणं बंद करा. मशीनवर स्वॅप बंद करा, एसएसडीचा रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवण्याचं माप) ८ सेक्टर, म्हणजे ४ केबी ठेवा आणि हीप ३१ जीबीच्या वर नेऊ नका. ३२ जीबीला जावाचे आखूड पॉइंटर बंद होतात आणि जास्त मेमरी देऊनही हाती कमीच येते.