रशियन चमचा घासायच्या आधी उलटा करा

मामंजींनी मुंबईच्या चोर बाजारातून आणलेले चांदीचे सहा चमचे पहिल्यांदा बघितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, यावर तर खंडोबा आहे!" दांडीच्या पाठीमागे तिळाएवढा घोडेस्वार, हातात भाला. अगदी देव्हाऱ्यातला टाक! तो मॉस्कोचा शिक्का निघाला, ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज.

तर आधी भिंग घ्या आणि 84 आकडा शोधा. हे शेकडा 84 नव्हे. जुन्या रशियात शुद्ध चांदी 96 झोलोत्निक (तिथलं जुनं वजन) धरायचे, म्हणजे 84 ला आपले साडेसत्त्याऐंशी टंच. इथल्या सराफ कट्ट्यावर एकानं आकडा वाचून सरळ 84 टंचाचा, तोही मोडीचा भाव सांगितला. मी चमचे पिशवीत टाकून घरी आले.

आता वय. शहराचा शिक्का, तपासनिसाची आद्याक्षरं आणि साल असेल तर चमचा 1899 च्या आधीचा. आमच्यावर 1887 आहे. 1899 पासून रशियन शिरोभूषण घातलेल्या बाईचं तोंड येतं: आधी डावीकडे बघणारं, 1908 पासून उजवीकडे. उजवीकडे बघणारी बाई दाखवून कुणी "झारच्या 1894 च्या लग्नातला" म्हणालं तर चहा घेऊन निघा. झारचा नामांकित जवाहिऱ्या फाबर्जे, त्याचं नाव दिसलं तर दुप्पट सावध राहा, साध्या चमच्यावर ते मागाहून ठोकलेलं पुष्कळ सापडतं.

दांडीवरची काळी नक्षी म्हणजे मळ नव्हे. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक वितळवून ती कोरीव रेघांत भरलेली असते. चिंच, राख, फॉइल-सोडा, काही लावू नका. मुलामा तर त्याहून नाजूक. एका दिवाळीत मी एक चमचा रांगोळीनं घासला आणि खोलगट भागातलं सोनं फडक्यावर आलं. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ मलमल, लगेच कोरडं. बास.

सुऱ्या असतील तर पाण्यात भिजत टाकू नका. मुठी पोकळ असतात, आत राळेसारखा मसाला भरलेला. गरम पाण्यानं तो सुटतो आणि मूठ खुळखुळते. ठेवताना रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं काळा पट्टा पडतो. आपल्या शेंगाचटणीतही हे चमचे बुडवू नका, लसणानं तेच होतं.

सोनं गेलेला तो सहावा चमचा साखरेच्या डब्यात असतो. मिठाच्या बरणीत मात्र नाही, मीठ चांदी खातं.