हाताच्या लेथवरून सीएनसीकडे वळताना: अनुभवी टर्नरने काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत भोसरी, सातपूर, शिरोली यांसारख्या वसाहतींमध्ये ज्या लहान शेड उभ्या राहिल्या, त्यांत टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापणारा कारागीर, हा कामाचा खरा आधार होता. टूलला ग्राइंडरवर कोन देणे, कापाची खोली डायलवर ठरवणे, चिपचा रंग आणि कापाचा आवाज यांवरून वेग कमीजास्त करणे, आटे पाडताना टूलची सरक थांबवण्यासाठी नेमक्या क्षणी हाफ नट सोडणे, हे सगळे निर्णय त्याचे एकट्याचे असत. १९९० नंतर सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे लेथ, लहान कारखान्यांतही येऊ लागले आणि हेच काम तिघांत वाटले गेले. प्रोग्राम लिहिणारा वेगळा, मशीन सेट करणारा वेगळा आणि जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये (तो पकडणाऱ्या जबड्यांत) बांधून बटण दाबणारा ऑपरेटर वेगळा.

या वाटणीत अनुभवी टर्नरला बहुतेक वेळा ऑपरेटरच्या जागेवर बसवले जाते, आणि माझ्या मते त्यात त्याचे आणि कारखान्याचे दोघांचेही नुकसान आहे. धातू कसा कापला जातो हे ज्याला कळते, त्याची खरी जागा सेटरची आहे. तिथे पोहोचण्यासाठी जे ज्ञान हातात आहे, ते आकड्यांत मांडता आले पाहिजे. पुढील मार्गदर्शन त्यासाठी आहे.

सुरुवात वेगाच्या हिशोबापासून करावी. साध्या लेथवर गिअरच्या लिव्हरने मिळतील तेवढेच वेग असत, म्हणून अंदाजावर भागत असे. सीएनसीवर आकडा द्यावाच लागतो. कापण्याचा वेग मिनिटाला किती मीटर हवा ते ठरवावे, त्याला १००० ने गुणावे आणि आलेल्या संख्येला ३.१४ गुणिले मिलिमीटरमधील व्यास याने भागावे. उत्तर येते ते मिनिटाचे फेरे. माइल्ड स्टीलच्या ५० मिलिमीटर जॉबवर हायस्पीड स्टीलच्या टूलने साधारण ३० मीटरचा वेग धरला, तर १९० च्या आसपास फेरे येतात. त्याच जॉबवर कोटिंग असलेल्या कार्बाइड इन्सर्टने (टूलवर बसवायच्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याने) २०० मीटर धरले, तर सुमारे १२७० फेरे येतात. हा फरक एकदा स्वतः कागदावर मांडून पाहिला की नवे मशीन इतक्या वेगाने का फिरते याचे दडपण उरत नाही.

याच हिशोबातून प्रोग्राममधला जी ९६ हा कोड, म्हणजे कापण्याचा वेग कायम ठेवण्याची आज्ञा, कळतो. तो दिला की व्यास कमी होत जाईल तसे मशीन फेरे आपोआप वाढवत जाते. मात्र फेसिंग (जॉबचे टोक सपाट करणे) करताना टूल मध्याकडे सरकते, व्यास शून्याकडे जातो आणि फेरे थेट मशीनच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतात. जॉब जड असेल, एका बाजूला वजनदार असेल किंवा जबड्यांत कमी धरलेला असेल, तर तो चकमधून सुटू शकतो. म्हणून जी ९६ च्या आधी फेऱ्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे की नाही, हे प्रत्येक नव्या प्रोग्राममध्ये पाहावेच. फानुक कंपनीच्या पद्धतीच्या बहुतेक लेथ कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणक यंत्रणेवर) ती जी ५० ने देतात, सीमेन्सवर तिची आज्ञा वेगळी आहे. प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला असला तरी ही तपासणी सेटरचीच जबाबदारी मानावी.

त्यानंतर ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेसाठी मशीनला दिलेला दुरुस्तीचा आकडा. जुन्या टर्नरची सवय इथे सर्वांत जास्त आड येते, म्हणून यावर पुरेसा वेळ द्यावा. अनेक साध्या लेथवर क्रॉस स्लाइडचा डायल टूलचे प्रत्यक्ष सरकणे दाखवतो, टूल ०.०५ मिलिमीटर आत गेले की व्यास ०.१० ने घटतो. सीएनसी लेथवर एक्स अक्ष (टूलचे आतबाहेर सरकणे) सामान्यतः व्यासातच मोजलेला असतो. समजा ड्रॉइंगवर ४०.०० आहे आणि पहिला जॉब ४०.०५ आला. अशा वेळी त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (झिजेच्या दुरुस्तीच्या आकड्यात) एक्सला उणे ०.०५ द्यायचे, त्याचे निम्मे करायचे नाही. बोअरिंगमध्ये भोक लहान आले असेल, तर तेवढाच आकडा अधिक चिन्हाने द्यायचा. मूळ जॉमेट्री ऑफसेटला (टूलच्या मूळ मापाच्या आकड्याला) हात न लावता वेअरमध्येच दुरुस्ती करावी, म्हणजे नवा इन्सर्ट बसवल्यावर वेअर शून्य करून पुन्हा नीट सुरुवात करता येते. दुरुस्ती केली की ती वेळेसह वहीत नोंदवावी. किती जॉबनंतर इन्सर्ट झिजतो हे त्या नोंदींतून दिसू लागते.

इन्सर्टच्या डबीवरचे नाव वाचायलाही शिकावे. सीएनएमजी १२०४०८ यातील पहिले अक्षर ८० अंशांच्या समभुज चौकोनी आकाराचे आहे, तर शेवटचे ०८ म्हणजे टोकाची ०.८ मिलिमीटर त्रिज्या. दोन्ही बाजू वापरता येत असल्याने अशा इन्सर्टला चार धारा मिळतात. फिनिश खराब येत असेल तर अनेक जण आधी फेरे बदलून पाहतात, पण टूलच्या रेघांची उंची मुख्यतः फीड (एका फेऱ्यात टूल किती मिलिमीटर पुढे सरकते) आणि टोकाची त्रिज्या यांवर अवलंबून असते. त्रिज्या तीच ठेवून फीड ०.२ वरून ०.१ केला, तर ती उंची हिशोबाने चौथ्या भागावर येते. टूलला स्वतः धार लावलेल्या कारागिराला हे पटकन समजते, कारण टोकाला गोलाई तो आधीपासून देतच आला आहे.

प्रोग्राम पूर्ण लिहिता आलाच पाहिजे असे नाही, परंतु ओळ न् ओळ वाचता आली पाहिजे. जी ०० म्हणजे जलद सरकणे, जी ०१ म्हणजे फीडने सरळ काप, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे गोलाई, एम ०३ ने स्पिंडल सुरू होतो आणि एम ३० ने प्रोग्राम संपतो. बहुतेक जॉब एवढ्यावर वाचता येतात. नवा प्रोग्राम लावताना सिंगल ब्लॉक (एकेक ओळ थांबून चालवण्याची सोय) चालू ठेवावा, जलद गती सर्वांत कमी करावी आणि टूल जॉबजवळ येताना स्क्रीनवरचे उरलेले अंतर डोळ्यांनी दिसणाऱ्या अंतराशी ताडून पाहावे. दोन्ही जुळत नसतील, तर लगेच फीड होल्ड (टूलची हालचाल थांबवणारे बटण) दाबावा.

मोजमापाच्या बाबतीत जुना हात बहुधा तयार असतो, फक्त तापमानाकडे अधिक लक्ष द्यावे. कामातून नुकताच काढलेला ५० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब २० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो सुमारे ११ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा दिसतो. टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) १५ किंवा २० मायक्रॉनचा असताना एवढ्याने चांगला जॉब नाकारला जाऊ शकतो किंवा वाईट जॉब पुढे जाऊ शकतो.

प्रशिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर येथील इंडो जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. ज्यांच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र नाही, त्यांनी २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतील, आधीच्या अनुभवाचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याच्या सोयीची जवळच्या प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी. अभ्यासक्रम निवडताना एका मशीनवर किती जण बसवतात आणि ऑफसेट प्रत्यक्ष स्वतःच्या हाताने घ्यायला मिळतो का, हे फी भरण्यापूर्वी विचारावे. केवळ संगणकावरच्या सिम्युलेशनवर उरकलेल्या अभ्यासक्रमाने सेटर घडत नाही.

सध्याच्या कारखान्यातच बढती हवी असेल, तर मालकाकडे किंवा सुपरवायझरकडे नुसती मागणी न करता एक ठरावीक जॉब मागून घ्यावा. त्याचे सेटिंग पहिल्या नगापासून स्वतः करावे, सेटिंगला लागलेला वेळ आणि नाकारलेले नग वहीत मांडावेत आणि पगाराचे बोलणे ती वही समोर ठेवूनच करावे.