गच्चीवरचा पॅकेज एसी घेताना टन कसे ठरवावेत

पॅकेज एसी म्हणजे सगळे भाग एकाच पेटीत असलेलं युनिट, आणि टन म्हणजे त्याची गार करण्याची क्षमता. नुसत्या चौरस फुटांवरून टन काढले की युनिट बऱ्याचदा गरजेपेक्षा मोठं येतं. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात ते चार-पाच मिनिटांत हॉल गार करून थांबतं, हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो. कपड्यांच्या शोरूममध्ये हे लगेच जाणवतं.

१. हीट लोड, म्हणजे एसीला किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा हिशेब, लेखी मागा. त्यात तापलेला स्लॅब, पश्चिमेची काच, माणसं, दिवे आणि बाहेरून घेतलेली ताजी हवा वेगवेगळी दाखवलेली हवी. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट; टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा धरतात.

२. हिशेब १५ टन आला तर २० चं एक नको, साडेसातची दोन घ्या. एक बिघडलं तरी दुकान चालू राहतं, आणि कमी गर्दीत एकावर भागतं.

३. इथल्या थंडीला हीटर कॉइल (विजेवर तापणारी वेगळी कॉइल) कशाला? गरम हवा हवीच असेल तर हीट पंप (उलटा चालून गरम हवाही देणारा एसी) घ्या.

४. हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) मंजूर वीजभार आणि स्लॅबची ताकद ऑर्डरआधी तपासा.

ड्रेन पाइपला यू-ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा यू आकाराचा बाक, हवाच. तो नसला तर ब्लोअर (आतला पंखा) पाइपातून हवा ओढतो, ट्रेमधलं पाणी अडतं आणि शेवटी फॉल्स सीलिंगवर टपकतं.