शेवभाजी परतीच्या वाटेवर खा

धुळे-जळगावकडून नाशिकच्या वायनरीत वाईन चाखायला जाताना वाटेत ढाब्यावर काळ्या मसाल्याची शेवभाजी चापली, की टेस्टिंग रूममध्ये प्रत्येक वाईन नुसती जळजळीत लागते. म्हणून जाताना कळण्याची भाकरी आणि दही खा. उपाशी जाऊ नका.

चाखायचा क्रम सांभाळा: आधी फेसाळणारी स्पार्कलिंग, मग शेनिन ब्लाँसारखी पांढरी, नंतर गुलाबी रोझे, मग लाल शिराझ. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्व्हेस्ट अगदी शेवटी. ती आधी घेतली तर पुढची चांगली वाईनही आंबटढाण वाटते, आणि शिराझवर तर हा फारच अन्याय. मध्ये पाण्याचा घोट, साध्या पावाचा तुकडा. आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो तिथेच काढा.

चाखलेली वाईन थुंकायला भांडं मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखूच नये.