लेन्स बसली म्हणजे चालली असं नाही

फोटोग्राफर म्हणून माझी पहिली ऑर्डर खानापूर तालुक्यातल्या एका गावची, हळदीची. अंगणात मांडव, पिवळ्या बल्बांच्या माळा, गळ्यात कोल्हापुरातून आणलेला सेकंडहँड निकॉन डी ३२०० कॅमेरा. त्याला लावलेली ५० एमएम १.८ लेन्ससुद्धा जुनीच, आदल्या दिवशी घेतलेली. विकणाऱ्यानं बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, लावून दाखवली, 'कट्' असा आवाज आला आणि मी खुशीत पैसे मोजले.

मांडवात कॅमेरा डोळ्याला लावला तर आत 'एफ ई ई' अशी अक्षरं लुकलुकायला लागली. अजून माझी फी ठरायची होती आणि कॅमेरा आधीच फी मागत होता. लेन्सवरची ॲपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या भोकाची) रिंग फिरवता फिरवता २२ वर गेली तेव्हा अक्षरं गेली, पण फोकस काही होईना. नवरीच्या आत्या हळदीचा हात वर धरून उभ्या. "काढ की रे लवकर, हात दुखायलाय." मी गोठ्याच्या बाजूला जाऊन अण्णांना फोन लावला. अण्णांच्या स्टुडिओत मी दोन वर्षं अल्बम लावायचं काम केलं होतं.

"अण्णा, फोकसच होईना झालंय."

"बॉडी कुठली?"

"बत्तीसशे."

"लेन्सवर १.८ च्या पुढं डी लिहिलंय काय?"

"लिहिलंय."

"मग होत नसतंय ते. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स लाव, फ्लॅश मार आणि गप काम कर. उद्या ये दुकानात."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी जे सांगितलं ते कॅमेरा घ्यायच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायचं कडं) १९५९ चा. डीएसएलआरपर्यंत, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांपर्यंत, तोच चालत आला, त्यामुळे आजोबांच्या काळातली लेन्ससुद्धा बहुतेक वेळा बसते. विकणारे हे अभिमानानं सांगतात आणि नवखा नेमका इथंच फसतो. कडं तेच राहिलं, पण फोकस फिरवायची पद्धत बदलली. जुन्या एएफ (ऑटोफोकस) आणि एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. ती असते बॉडीत, आणि माउंटच्या कड्यातून स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा एक बारका दांडा बाहेर येऊन लेन्स फिरवतो. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांमधल्या बॉड्यांना, म्हणजे ३१००, ३२००, ३५००, ५३००, ५६०० यांना, हा दांडाच नाही. डी ९०, डी ७०००, ७१००, ७२००, ७५०० यांना आहे. एएफ-एस लेन्सच्या पोटात स्वतःची मोटर असते, म्हणून ती या सगळ्यांवर चालते. नंतर आलेल्या एएफ-पी लेन्सची गत उलटी: ३५०० किंवा ५६०० वर मस्त, पण ३१००, ३२०० वर तिचा ऑटोफोकस चालत नाही आणि डी ९० वर ती कामाचीच नाही. म्हणजे लेन्स जुनी असली तरी अडचण आणि फार नवी असली तरी अडचण.

कॅननचं गणित सोपं आहे. त्यांनी १९८७ मध्ये जुना माउंट टाकून ईएफ आणला आणि तेव्हापासून मोटर लेन्समध्येच घातली. तेव्हाची ईएफ लेन्स २०१८ च्या १५०० डी वरही ऑटोफोकस करते. पाहायचं एवढंच: लेन्सवर लाल ठिपका असेल तर ईएफ, पांढरा चौकोन असेल तर ईएफ-एस. ईएफ-एस ही छोट्या सेन्सरसाठी आहे. ६डी, ५डी अशा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर ती बसतच नाही, त्यामुळे घरी येऊन डोक्याला हात लावायची वेळ येत नाही. निकॉनची छोट्या सेन्सरची डीएक्स लेन्स मात्र फुल फ्रेमवर बसते आणि सेन्सरचा मधला तुकडाच वापरते. टॅमरॉन, सिग्मा घेताना खोक्यावर कुठला माउंट लिहिलाय ते बघा, आणि जुनं मॉडेल निकॉनसाठी असेल तर आत मोटर आहे का तेही विचारा. टॅमरॉनची १७-५० एमएम २.८ ही लग्नवाल्यांची लाडकी लेन्स आधी मोटरशिवाय आली होती, मोटरवाली नंतर आली. दोन्ही बाजारात फिरतात.

मग कॅननच घ्यायचा का? माझं मत वेगळं आहे. आपल्याकडं नवीन पोरगा सुरुवात करतो तो दुसऱ्याच्या हाताखाली, सेकंड शूटर म्हणून. मुख्य फोटोग्राफर स्टेजवर असतो आणि आपल्याला म्हणतो, "ही ७०-२०० घे आणि मागून काढ." निपाणीत लग्न चालू असताना फ्लॅश बंद पडला, तर बेळगावहून नवीन यायला वेळ कुठला? शेजारच्या कार्यालयातल्या ओळखीच्याकडून आणायचा. म्हणून ज्याला तुम्ही रात्री अकरा वाजता फोन करू शकता त्याच्या गळ्यात काय आहे ते आधी बघा आणि तेच घ्या. अण्णांच्या कपाटात सगळं निकॉन होतं, म्हणून मी त्या फजितीनंतरही निकॉनच ठेवला. यूट्यूबवर दोघांत कोण भारी यावर तासन्‌तास भांडणं चालतात, त्यात पडू नका.

आता लेन्स. किट लेन्स १८-५५ ला नाकं मुरडू नका, दिवसाउजेडी ती पुरते. अडचण रात्रीची. झूम केल्यावर तिचं ॲपर्चर ५.६ वर येतं (आकडा छोटा तेवढा प्रकाश जास्त) आणि १.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. हे मला बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत कळलं. रात्रभर चालणारी मिरवणूक, पोरं लेझीम खेळतायत, अंगावर एलईडीचा उजेड. किट लेन्सनं काढलेले हात सगळे धुरकट. लाइटखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० वर आणून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

पण प्राइम कुठली? सगळे ५० सांगतात, मी आधी ३५ सांगीन. छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स निकॉनमध्ये ७५ सारखी दिसते, कॅननमध्ये ८० सारखी. खेड्यातल्या घरात हळद लावताना मागं सरकत सरकत तुळशी वृंदावनाला पाठ टेकते आणि तरी करवली फ्रेममध्ये येत नाही. निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ एमएम १.८ अशा जागी बरोबर बसते. ५० आहे ती नवरा-नवरीच्या एकेकट्या फोटोंना. हलशीची कदंबकालीन देवळं आतून काढायची तर आणखी वाइड लागेल, भीमगडच्या बाजूला पक्षी काढायचे तर ७०-३००. ते छंदाचं झालं, त्याचे पैसे ऑर्डरीतून येऊ द्या.

जाता जाता एक. बेळगाव, चिकोडीकडं लग्नात एक बाजू मराठी, एक कन्नड असं सर्रास असतं. "इल्लि नोड्री" आणि "स्वल्प नग्री" एवढं जरी म्हणता आलं तरी सासरकडची माणसं मोकळी होतात. इतकं काम कुठलीच लेन्स करत नाही.

सेकंडहँड घेताना घाई करू नका. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा. बॉडीला लेन्स लावून १६ ॲपर्चरला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळे ठिपके होऊन दिसतात. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो, तो कॉम्प्युटरवर काढून बघा. डी ३२०० चं शटर १ लाख वेळा पाडून तपासलेलं, डी ७००० चं दीड लाख वेळा. लग्नात फिरलेली बॉडी आणि घरी ठेवलेली बॉडी यांतला फरक तिथं कळतो. फ्लॅश बरोबर नेऊन वर लावून बघा आणि तुमची स्वतःची लेन्स लावून फोकस होतोय का ते विकणाऱ्यासमोरच बघा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

घेतल्यावर सांभाळणं आलं. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटीकडं हवेतच पाणी असतं. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवला की दिवाळीला बुरशी हजर. पत्र्याचा नको, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा.

आता कॅनन-निकॉनचा सगळा भर मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे, मग डीएसएलआर कशाला, असं पोरं विचारतात. याच कारणानं जुन्या बॉड्या स्वस्त झाल्यात आणि शिकायला त्या उत्तम आहेत. फक्त पुढची सोय डोक्यात ठेवा. ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर (मधलं जोडकडं) लावून कॅननच्या मिररलेस आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टरनं एएफ-एस चालते, पण त्या अडॅप्टरमध्येही मोटर नाही, म्हणजे एएफ-डी तिथंही हातानंच.

मी पुढं डी ७००० घेतली. ती जुनी ५० लावली आणि पहिल्यांदा आतून घर्र असा आवाज येऊन फोकस झाला. मागच्या वर्षी झेडवर गेलो तेव्हा बाकी सगळं विकलं. ७००० आणि ती ५० तेवढी डब्यात आहे, आणि माझ्याकडचा नवा पोरगा हळदीला तीच घेऊन जातो.